जळबा किती बसला

नवा पिक्चर कसा आहे, असं सेनगावच्या जीप अड्ड्यावर कुणी कुणाला विचारत नसे. विचारायचं ते एवढंच, "जळबा किती बसला?"

जळबा काळी-पिवळी जीप चालवायचा. सेनगाव ते हिंगोली, हिंगोली ते सेनगाव. त्या रस्त्यावर त्यानं इतके हेलपाटे घातले होते की नरसीच्या अलीकडचं एक वळण त्याची जीप दिसली की आपणहून थोडं सरळ व्हायचं. हिंगोलीला पोचलं की अड्ड्यावर नंबर लावायचा. पुढच्या जीपा भरून हलेपर्यंत बाकीचे ड्रायव्हर कुणी पत्ते कुटायचे, कुणी मागच्या शिटावर पाय पसरायचे. जळबा मात्र अड्ड्याला लागून असलेल्या टॉकीजमध्ये शिरायचा.

शिरायचा हे खरं, पण बसायचा म्हणणं जिवावर येतं. खुर्चीच्या कडेला बुडाचा जेमतेम तुकडा टेकवून, एक डोळा पडद्याकडं आणि दोन्ही कान अड्ड्याकडं, असं त्याचं पिक्चर बघणं. बाहेर जीपचं दार आपटलं की ते कुणाच्या जीपचं, पुढच्या शिटावर माणूस बसला का बाई, आणि आपला नंबर यायला अजून किती डोकी कमी आहेत, हे त्याला आत अंधारात कळायचं. नंबर आला आणि ड्रायव्हर जागेवर नसला, की मागचा पुढं घुसतो आणि आपण रांगेच्या शेपटाला जातो. त्या धास्तीनं त्याच्या पोटऱ्यांत कायम इंजन चालू असे. एकदा पडद्यावरच्या हिरोनं जीप चालू केली, तर हा ताडकन उठला आणि बाहेर येऊन आपल्या जीपच्या बॉनेटला हात लावून बघितला. गार होतं. तेव्हा कुठं जिवात जीव आला. पण तोवर आत हिरोचा बाप मारला गेला होता.

असा माणूस कुठल्या पिक्चरला किती वेळ टिकला, यावरून त्या पिक्चरची किंमत ठरायची. "पयल्या गाण्यालाच उठला" म्हटलं की तिकिटासाठी खिशात गेलेला हात खिशातच राहायचा. "मारामारीपर्यंत बसला" म्हणजे वेळ जात नसेल तर जावं. "इंटरवलपर्यंत" म्हणजे बायकापोरं घेऊन जावं. एका पिक्चरला तो इंटरवलनंतरही एक गाणं बसला, तर दुसऱ्या दिवशी सेनगावात दुकानं उघडायला माणूस सापडेना, सगळे हिंगोलीला. शेवटपर्यंत मात्र तो कुठल्याच पिक्चरला कधी बसला नव्हता.

लोकांचा त्याच्यावर भरवसा होता, कारण जळबा खोटं बोलत नसे. खोटं बोलायला जरा निवांत बसून जुळवाजुळव करावी लागते. त्याला तेवढी सवड कुठली? मनात आलं की स्टिअरिंगवरून मान मागं वळवून सांगून मोकळा. पिक्चरांची नावं त्याच्या ध्यानात राहत नसत, म्हणून तो त्यांना आपल्या खुणेनं ओळखायचा.

"तो बर्फाचा कसा हाय, जळबाभाऊ?"

"बर्फाचा? दोघं बर्फात नाचून राहिले. तिच्या अंगावर पातळ लुगडं. त्याच्या अंगावर कोट, गळ्यात मफलर, हातात मोजे. एवढं लंबं गाणं झालं, पर ह्यानं कोट काय काढून दिला न्हाई तिला. असल्याला पोरगी देऊ नये. उठलो मी."

"आन तो भुताचा?"

"भूत आधी दार वाजवतं, मग आत येतं. दार वाजवून येतं ते भूत न्हाई, पाहुना असतो. पर एक सांगतो, त्या घरातली म्हातारी काय घाबरली! खरीच घाबरली असंल ती. तिच्यासाठी बसलो थोडं."

"लढाईचा तरी बराबर हाय का?"

"लढाई बराबर हाय. पर गोळी लागल्यावर तो जवान आईसाठी बोलला, बायकोसाठी बोलला, दोस्तासाठी बोलला. तेवढ्यात दवाखान्यात पोचला असता. रडू आलं हां मला. रडत रडतच उठलो."

"साऊथवाला?"

"त्यात जीप उडाली, ट्रकावरून गेली आन चाकावर उतरली. स्प्रिंगचा एक पाटा मोडला न्हाई. मी तर दोन बारी गेलो, कोन्त्या गॅरेजचं काम हाय ते कळतं का म्हनून. पिक्चर भिकार. पाटे भारी."

मागच्या शिटावरची माणसं हसून हसून एकमेकांच्या मांडीवर पडायची. तशीही ती एकमेकांच्या मांडीवरच बसलेली असायची.

हसायची नाही ती एकटी सखुबाई. जळबाची बायको. कधी दवाखान्यासाठी, कधी कापडचोपड घ्यायला ती त्याच्या जीपमधून हिंगोलीला यायची. मग नंबर यायला वेळ असला की जळबा मोठ्या हौसेनं तिला टॉकीजमध्ये न्यायचा, आणि बाहेर दार आपटलं की त्याच हौसेनं दंड धरून बाहेर काढायचा. लग्न झाल्यापासून हेच. संसारात बाकी सगळं बघून झालं होतं, पिक्चरचा शेवट तेवढा राहिला होता.

"मी बघितलेल्या एका बी पोरीचं लगीन लागलं न्हाई," ती म्हणायची. "समद्या तशाच. आन ते गुंडं? एक बी मेला न्हाई, एक बी जेलात गेला न्हाई. समदे मोकळे फिरून राहिले. तुमच्यामुळं."

जळबा म्हणायचा, "शेवटाला काय असतं? गोड होतं न्हाईतर वंगाळ होतं."

"ते तुमाला काय म्हाइत?"

इथं जळबाची गाडी अडायची. खरं बोलणारा माणूस. माहीत नाही म्हटल्यावर नाही.

त्या आठवड्यात मंगळवारी दोघं गेले तो पिक्चर खाणावळीचा होता. एक बाई. नवरा एके दिवशी न सांगता निघून गेला. तिनं रडून घेतलं, डोळे पुसले, आणि घराच्या पुढल्या खोलीत खाणावळ टाकली. जेवणारी माणसं वाढली, बाकडी वाढली. आणि एका रात्री, थंडी मी म्हणत असताना, दारावर थाप. बाईनं फटीतून बघितलं. बाहेर नवरा उभा. हातात पिशवी, अंगात कुडकुड. बाई आत, हातात पळी, नवरा बाहेर. मधी दार. आणि पडद्यावर इंटरवल.

त्याच क्षणी अड्ड्यावर दार आपटलं आणि जळबानं सखुबाईचा दंड धरला.

त्या वेळेपासून सखुबाईचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. मंगळवारी रात्री भाकरी करपली. बुधवारी ती एकाच म्हशीची धार काढायला दुसऱ्यांदा बसली. म्हशीनं मान वळवून असं काही बघितलं की शेजारच्या बायकांना हसू आवरेना. झाडलेलं अंगण परत झाडलं. जळबा जेवायला बसला की ताट पुढं ठेवायची आणि तिथंच उभी राहायची.

"उघडंल का वो ती दार?"

"उघडंल की. नवरा हाय."

"काहून उघडंल? एवढे दिवस कुठं होता म्हनावं?"

"अगं, थंडी किती हाय."

"थंडी हाय तर हाय. त्याला कुणी बोलावलं होतं का?" आणि मग जरा थांबून, "उघडंल बी. पर लगेच न्हाई उघडनार. तुमाला न्हाई कळायचं. तुमी दारात उभे कवा ऱ्हायलाव? तुमी तर दारातून भाईर जानारे."

डोंगरकड्याला दिलेली लेक पुनम, तिनं फोनवर सांगितलं, "आई, दोन महिन्यांनी येतो तो मोबाईलवर. बघ निवांत."

"दोन महिने त्या मानसाला थंडीत उभा ठिवू का मी?" सखुबाईनं फोन ठेवून दिला.

शुक्रवारी टॉकीजमधला पिक्चर बदलतो. गुरुवारी जळबा जीप काढायला गेला, तर पुढच्या शिटावर सखुबाई. नवं पातळ, हातात पिशवी, पिशवीत दशम्या.

"आज शेवट बघायचा," ती म्हणाली. "दोघांनी."

"तू बघ ना. मी तिकीट काढून देतो. बाईमानसं जातेत की एकली."

"एकलीनं बघून काय करू? घरी आल्यावर बोलू कुणाशी त्याच्यावर? तुमी त्या इंटरवललाच अडकलेले. म्या एक म्हनावं, तुमी दुसरं म्हनावं, तवा त्याला बघितलं म्हनतेत." मग समोरच्या काचेकडं बघत हळूच, "आज उठलाव तर परत मी तुमच्याबरूबर टॉकीजला येनार न्हाई. कवाच न्हाई."

ती ओरडली असती तर जळबानं हसण्यावारी नेलं असतं. ती ओरडली नाही. त्यानं किल्ली फिरवली. सबंध रस्ताभर, तुरीची पिवळी रानं मागं पडेपर्यंत, त्यानं एकाही पिक्चरवर तोंड उघडलं नाही. मागच्या शिटावरच्या दोघा-तिघांना वाटलं, कुणी वारलं असावं.

दुपारच्या खेळाला टॉकीजच्या खिडकीत विश्वंभर होता. तिकिटं तोच फाडायचा, बॅटरीनं जागा तोच दाखवायचा, मशीनही तोच लावायचा. त्यानं सखुबाईकडं बघितलं, जळबाकडं बघितलं, आणि दोघांच्या मागच्या मोकळ्या पटांगणाकडं बघितलं.

"दोनच?"

"दोन."

"मग नाही जमायचं, जळबा. दहा-बारा डोकी असल्याशिवाय मी मशीन लावत नाही. विजेचं बिल निघत नाही हो. आज शेवटचा दिवस, कोण येतंय? उद्या नवीन लागतोय, उद्या या."

शीट भरल्याबिगर गाडी हलत नाही, हे वाक्य जळबानं स्वतः जन्मभर लोकांच्या तोंडावर मारलेलं. क्षणभर तर त्याला बरंच वाटलं. सुटलो. दोष आपला नाही, टॉकीजचा. त्यानं तोंड जमेल तेवढं पाडून सखुबाईकडं वळवलं.

सखुबाई पायरीवर बसली होती. तिनं दशम्यांची पिशवी मांडीवर घेतली होती आणि पिशवीची गाठ सोडून परत बांधत होती. सोडायची, बांधायची. वर बघत नव्हती.

जळबाच्या पोटऱ्यांतलं इंजन एकदम मोठ्यानं धडधडलं. "मशीन गरम करून ठिव," तो विश्वंभरला म्हणाला आणि अड्ड्याकडं सुटला.

अड्ड्यावर त्याच्याच जीपचा नंबर लागला होता. जीपच्या सावलीला त्याचीच शिटं उभी होती. मोठ्या रानाचे धनी व्यंकटराव, ट्रॅक्टरचा कसला तरी भाग काखेत धरून. आरोग्य उपकेंद्रात काम करणारी मिना. तांड्यावरचा थावरा, मेव्हण्यानं दिलेली बकरी दोरीला धरून. आणि लग्नाचा बस्ता घेऊन परत निघालेल्या सेनगावकडच्या गोरेगावच्या बायका, डोक्यांपेक्षा गाठोडी जास्त.

"चला, बसून घ्या," जळबा म्हणाला.

सगळे जीपकडं वळले.

"तिकडं न्हाई. टॉकीजमधी."

"काहून?" व्यंकटराव म्हणाले. "जीप बिघडली का?"

"जीप बराबर हाय. डायवर बिघडला. मी पिक्चरला चाललो. मी सुटल्यावर जीप सुटंल."

"ही कोणती रीत, जळबा? वाट बघून राहिलो आमी!"

"तीच वाट खुर्चीवर बसून बघा, पाटील. पंखा हाय तिथं."

मिनानं कामाचं विचारलं. "पण मामा, पिक्चर कसा हाय?"

बायका थांबल्या. व्यंकटराव थांबले. शेजारच्या जीपचे ड्रायव्हर हातातले पत्ते खाली धरून ऐकू लागले. जळबाच्या जिभेवर शब्द येऊन बसला होता. शेवटपर्यंत बसलो, एवढं म्हटलं असतं तर अख्खं हिंगोली दार मोडून आत गेलं असतं. एकच वाक्य. कोण तपासणार? त्यानं तोंड उघडलं. मिटलं. घामाघूम झाला. टॉकीजच्या पायरीवर सखुबाई अजून गाठ सोडत होती. परत उघडलं.

"मंगळवारी बसलो तो इंटरवलपर्यंत. पुढचं म्या बघितलं न्हाई. चांगला असंल, भिकार असंल, मला म्हाइत न्हाई." त्यानं टॉकीजकडं बोट केलं. "पर आज मी शेवटपर्यंत बसनार हाय."

अड्डा गपगार झाला. थावराच्या बकरीनंसुद्धा रवंथ थांबवला.

"कोण? तू?" व्यंकटराव म्हणाले.

"व्हय."

"शेवटपर्यंत?"

"नावं येतेत तिथपर्यंत."

व्यंकटरावांनी ट्रॅक्टरचा भाग जीपच्या टपावर ठेवला. "चला गं बायांनो. पिक्चर गेला खड्ड्यात. हे बघायला पाहिजे."

मग बातमी पांगायला वेळ लागला नाही. जळबा शेवटपर्यंत बसणार म्हणे! पत्तेवाले उठले. चहावाल्यानं स्टोव्ह बंद केला. पानटपरीवाल्यानं अर्ध्या लावलेल्या पानासकट टपरी ओढून घेतली. एका हिशेबानं अर्धं गाव आत आलं आणि दुसऱ्या हिशेबानं जागा न मिळाल्यामुळं बाकीचं अर्धं परत गेलं. विश्वंभरच्या खिडकीत तिकिटांचा गठ्ठा संपला तेव्हा त्यानं जुन्या पिक्चरची तिकिटं काढून फाडली.

"बकरीचं काय?" त्यानं थावराला अडवलं.

"मांडीवर घेतो की. मांडीवरचं लेकरू फुकट असतं."

जीपचा कायदा होता तो. विश्वंभरनं बकरीला आत सोडलं.

आत अंधार झाला. पडद्यावर खाणावळवाली रडली, तिनं डोळे पुसले, चूल पेटवली. जळबाचं हे सगळं बघून झालेलं. त्याचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबत होता, डावा क्लच. पुढच्या खुर्चीवरच्या बाईला वाटलं, भूकंपच आला.

पहिलं गाणं लागलं. सगळं टॉकीज पडद्याकडं पाठ करून वळलं. जळबा बसलेला. "बसला, बसला," अशी कुजबुज मागून पुढं गेली. पहिली मारामारी लागली. परत सगळ्या माना वळल्या. बसलेला.

"तिकडं बघा की!" सखुबाई लोकांवर खेकसली. "इकडं काय लावलंय?"

"वैनी, पिक्चर इकडंच हाय," थावरा म्हणाला.

इंटरवलला जळबा हळूच म्हणाला, "जरा लघवीला जाऊन येऊ?"

"जावा. थावराभाऊ, जा यांच्यासंगं." आणि थावरा गेला, बकरी गेली, आणि बकरीच्या मागं खात्री करायला चारसहा जण गेले. जळबाचं काम काही झालं नाही. तो तसाच परत आला.

मग सुरू झालं ते जळबानं, सखुबाईनं, कुणीच न बघितलेलं. नवरा दाराबाहेर. बाई आत. बाकड्यावर माणसं जेवणाची वाट बघतायत. डाळ उकळतेय, बाई ढवळतेय. बाहेरून थाप. ही ढवळतेय. परत थाप. पिक्चर काढणाऱ्यालाही घाई नव्हती. डाळीचा एकेक बुडबुडा फुटेपर्यंत तो थांबत होता. सखुबाईनं जळबाच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरलं होतं. "बघा, लगेच उघडली का? म्या काय म्हनलं होतं?" जळबाला त्या बाहेरच्या माणसाचा राग येत होता, आणि दार उघडावं असंही वाटत होतं. ही दोन वाटणं एका वेळी त्याच्या पोटात कधी झाली नव्हती.

बाईनं पळी खाली ठेवली नाही. पळी घेऊनच ती दाराकडं निघाली. कडीला हात घातला.

आणि बाहेर हॉर्न वाजला. साधा नाही, लांबलचक, बोंबलणारा, अड्ड्यावरचा हॉर्न. जळबाच्या मागं नंबर असलेला वैजनाथ जीपमध्ये झोपला होता. जागा होऊन बघतो तर अड्ड्यावर चिटपाखरू नाही, पुढं जळबाची जीप कुलूपबंद, आणि मागं आलेल्या जीपांची रांग कयाधू नदीच्या पुलापर्यंत. तो हॉर्नवर कोपर ठेवूनच बसला.

जळबाचं बूड खुर्चीवरून सुटलं.

"उठला!" व्यंकटराव ओरडले. सगळं टॉकीज गर्रकन वळलं. विश्वंभरनं बॅटरीचा झोत सरळ जळबाच्या तोंडावर मारला. सखुबाईनं दोन्ही हातांनी सदरा धरून खाली ओढला. सदरा टरकला. जळबा ना उभा ना बसलेला, गुडघे वाकवून मधल्या मधी लटकलेला, एक हात डोळ्यांवर, बॅटरीच्या उजेडाआडून पडद्याकडं बघतोय. हॉर्न वाजतोय. त्याला तो ऐकूच येत नव्हता.

"उठला की न्हाई?"

"बूड उचललं ना! उठला."

"पाऊल कुठं टाकलं? पाऊल टाकल्याबिगर उठनं न्हाई."

"अधांतरी हाय, पाटील. अधांतरी धरा."

"अधांतरी म्हंजे बसलेलाच!"

जळबाच्या डोळ्यांतून पाणी आलं. बॅटरीमुळं असेल. तो हळूच खाली बसला. पूर्ण बसला, पाठ टेकून. टाळ्या पडल्या, शिट्ट्या झाल्या, बकरी ओरडली. पडद्यावर नावं वर सरकत होती.

दिवे लागले. सखुबाईनं जळबावरची नजर काढून पडद्याकडं बघितलं. पडदा पांढरा.

"संपला?" ती म्हणाली. "उघडलं का दार?"

मिनानं बायकांकडं बघितलं. बायकांनी व्यंकटरावांकडं. व्यंकटराव म्हणाले, "मी तर जळबाकडं बघत होतो." विश्वंभर म्हणाला, "मी बॅटरी धरली होती." एवढ्या भरगच्च टॉकीजमध्ये पिक्चरचा शेवट एकाच माणसानं बघितला होता.

सखुबाईच्या हातात सदऱ्याचा तुकडा होता. ती त्याच्याकडं बघत राहिली. जळबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळं करून परत त्याच्याच बुडानं घात केला होता.

"संध्याकाळच्या खेळाला परत बसू," तो म्हणाला. "आजच बसू. मी बसतो. उठलो तर…"

लोक चकित झाले. सखुबाईही झाली. तिनं त्याच्या तोंडाकडं नीट बघून घेतलं.

"कशाला?" ती म्हणाली. "तुमी बघितला न्हवं? मंग तुमी सांगा. खोटं बोलत न्हाई, तेवढं एक तर हाय तुमच्यात."

बाहेर वैजनाथनं काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. जळबानं हात जोडले, जीप काढली. शिटं होती तेवढी चढली, शिवाय शेवट ऐकायला ज्यांना सेनगावला जायचंच नव्हतं असे तिघं मागं लटकले. पूल ओलांडला.

"तर," जळबा म्हणाला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मान मागं न वळवता, शेजारी वळवून. "तिनं दार उघडलं."

"उघडलं?" सखुबाईचा आवाज पडला. "बघा. शेवटी उघडलंच."

"थांब ना. उघडलं. त्याला आत घेतलं. चुलीपाशी नेलं. आन हातातली पळी त्याच्या हातात दिली. मंग खुंटीची पिशवी काढली, चपला घातल्या, आन त्याच दारातून सोता भाईर गेली."

मागं लटकलेले तिघं आत वाकले.

"कुठं?" सखुबाई म्हणाली.

"ते दाखवलं न्हाई. बाकड्यावर मानसं बसलेली, हा पळी धरून उभा. संपला."

"असं कसं करंल ती? खोटं बोलून राहिलाव तुमी!"

"देवाशपथ, असंच होतं."

"बराबर केलं तिनं," मिना मागून म्हणाली.

"काय बराबर?" जळबा चिडला. "गिऱ्हाईक उपाशी बसलंय आन ही निघून गेली! त्याईनं काय पाप केलं होतं? मला तर न्हाई आवडलं. बाकी पिक्चर चांगला हाय, ती बाई लई चांगली हाय, डाळ तर काय दाखवली! पर शेवट चुकला."

"शेवट चुकला न्हाई," सखुबाई एकदम सरसावून बसली. "तुमाला कळला न्हाई. ती भाईर गेली म्हंजे लई लांब न्हाई गेली. लई तर शेजारी बसली असंल. फटीतून बघत असंल, काय करतंय हे ध्यान."

"पिशवी घेऊन?"

"पिशवी त्याला दाखवायला. समजावं म्हनून."

"न्हाई, न्हाई. चपला घालून गेली ती. शेजारी जाताना कुणी चपला घालतं का?"

"माझ्यासंगं पैज लावा," व्यंकटराव म्हणाले, "ती माहेरी गेली."

"गप बसा, पाटील!" नवराबायको एकदमच बोलले.

नरसी मागं पडली. थावराची बकरी झोपली, मागं लटकलेल्यांपैकी एक आत येऊन गाठोड्यावर बसला, आणि सखुबाई बोलतच होती. बाईनं आधीच ठरवलं होतं, नाही तर पळी बरोबर कशाला नेली असती दारापर्यंत? जळबा म्हणाला, पळी हातात होती म्हणून नेली, बायकांच्या हातात असतेच पळी. सखुबाई म्हणाली, त्या वाक्याचा हिशेब घरी करू. आणि मग, जरा वेळानं, आवाज खाली आणून तिनं विचारलं, "त्याला येत असंल का वो सैपाक?"

जळबानं गिअर बदलला. त्याला खरंच विचार करावा लागला.

"न्हाई येत असनार. डाळ बुडाला लागली असंल त्याची."

"आन मानसांनी?"

"खाल्ली असंल. थोडी शिव्या देत."

"न्हाई खाल्ली," सखुबाई म्हणाली. "उठून गेली असतील समदी. तो एकला बसला असंल त्या पातेल्यापाशी."

"एवढं बी न्हाई गं. एखादं तर बसलं असंल."

"कोण बसंल?"

"असंल की कुणी तरी."

"कोण, ते सांगा," ती म्हणाली आणि पदर खोचून पूर्ण त्याच्याकडं वळली. सेनगाव दिसायला लागलं होतं. मागं कुणीही आपलं गाठोडं आवरायला घेतलं नाही.